व्याख्या बदलली म्हणून किलो हलका होत नाही

सांगली-मिरजेच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, साताऱ्याच्या पाहुण्यांकडूनही मला तोच आला. मथळा आहे 'शास्त्रज्ञांची हातचलाखी उघड'. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: विज्ञानातले शब्द म्हणजे फसवणुकीचं हत्यार आहे, सोयीप्रमाणे व्याख्या बदलायच्या नाहीतर मुद्दाम घोळाच्या ठेवायच्या आणि लोकांना गंडवायचं, असं त्याचं म्हणणं. पुरावे दिलेत ते असे. २०१९ ला किलो गुपचूप बदलला. समुद्रसपाटी नावाची गोष्टच नाही, त्यामुळे समुद्र वाढतोय ही थाप. समुद्र आम्लधर्मी होतोय म्हणतात पण पीएच, म्हणजे पाणी आम्ल का अल्क ते सांगणारा आकडा, आठच्या वर आहे. रिश्टरवर तीनचा धक्का म्हणजे कोयनेच्या मोठ्या भूकंपाच्या निम्मा, तरी म्हणतात घाबरू नका. 'शंभर वर्षांतून एकदा' येणारा पूर सांगलीत सोळा वर्षांत तीनदा आला. ९९ टक्के अचूक टेस्ट खोट्या निघतात, ९५ टक्के लस खरी एक टक्कासुद्धा नव्हती, आणि बीपी-शुगरची व्याख्या बदलून कंपन्यांनी रातोरात कोट्यवधी पेशंट तयार केले. शेवटी 'गोळ्या फेकून द्या आणि दहा ग्रुपवर पाठवा'.

आता गंमत अशी की यातले बरेचसे आकडे खरे आहेत. लिहिणाऱ्यानं बऱ्यापैकी वाचलेलं आहे, त्यामुळेच तो पटतो. घोळ आकड्यात नाही, आकड्यावरून उडी कुठं मारली त्यात आहे. त्यामुळं 'फेक आहे, डिलीट करा' एवढं म्हणून भागत नाही, एकेक मुद्दा घेऊनच बोलावं लागेल.

किलोपासून सुरू करू. किलोची व्याख्या २० मे २०१९ पासून बदलली हे शंभर टक्के खरं. 'गुपचूप' हे मात्र साफ खोटं, कारण नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायला देशोदेशीच्या प्रतिनिधींनी उघड मतदान करून हे ठरवलं आणि त्याच्या बातम्या तेव्हा सगळीकडं आल्या होत्या. त्याआधी १८८९ पासून किलो म्हणजे काय, तर पॅरिसजवळ सेव्हरला तिजोरीत काचेच्या झाकणांखाली ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक छोटा ठोकळा. त्याच्या बरोबरीच्या प्रती बाकी देशांना वाटल्या, आपल्याकडं ५७ नंबरची आली, ती दिल्लीला राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत असते. अधूनमधून या प्रती मूळ ठोकळ्याशी ताडून बघायचे, तर शंभरेक वर्षांत त्यांच्यात साधारण ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. आता कोण हलका झाला आणि कोण जड झाला हे सांगायची सोयच नाही, कारण व्याख्येप्रमाणं मूळ ठोकळा चुकूच शकत नाही, त्याचा कोपरा झिजला तरी तोच किलो आणि अख्खं जग जड झालं असं म्हणायचं! म्हणून ठोकळा सोडून प्लांकचा स्थिरांक नावाची निसर्गातली एक राशी ठराविक आकड्याला बांधून घेतली आणि किलो त्यावरून काढायचा असं ठरलं. आणि तो आकडा असा निवडला की नवा किलो जुन्याशी तंतोतंत जुळावा. सगळा खटाटोपच त्यासाठी होता, की व्याख्या बदलावी पण कुणाच्याही तराजूला कळू नये.

बरं, ते ५० मायक्रोग्रॅम आपल्या खिशातून गेले असं समजा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा भाव क्विंटलला पंधरा हजार धरला तर अख्ख्या क्विंटलमागं ५ मिलिग्रॅमचा फरक, म्हणजे पैशाचा दहावा भागसुद्धा नाही. शेतकऱ्याला काट्यावर मारतात हे काय नवीन नाही, उसाच्या काट्याबद्दल तर आपल्याकडं बच्चा बच्चा बोलतो, पण त्याचा बंदोबस्त वजनमापवाल्यांनी करायचा असतो, प्लांकसाहेब १९४७ लाच गेले. मीटरचं पण हेच आहे, १९८३ पासून तो प्रकाशाच्या वेगावरून ठरतो, कापडवाल्याच्या हातातली पट्टी आहे तेवढीच आहे.

दुसरा मुद्दा समुद्रसपाटीचा, आणि इथं मेसेजवाला अर्धा बरोबर आहे. समुद्र सपाट नसतो. भरती-ओहोटी, लाटा, वारा हे सोडाच, सगळं शांत केलं तरी नसतो, कारण पृथ्वीचं गुरुत्व सगळीकडं सारखं नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात पाण्याची पातळी पृथ्वीच्या हिशोबी गुळगुळीत आकारापेक्षा शंभरेक मीटर खाली आहे, खड्डाच म्हणा, फक्त इतका पसरट की जहाजाला कळत नाही. मग समुद्रसपाटी म्हणजे काय? बंदरावर भरतीमापक बसवायचा, पाण्याच्या उंचीची नोंद अहोरात्र करत राहायचं आणि वर्षानुवर्षांची सरासरी काढायची. ही सरासरी साधारण १९ वर्षांची घेतात, कारण चंद्राच्या कक्षेचा कल १८.६ वर्षांत एक फेरा पुरा करतो आणि भरतीची उंची त्याप्रमाणं थोडी हलते, तो फेरा पुरा पकडला नाही तर सरासरी एका बाजूला झुकते. भारताचा उंचीचा शून्य असाच नऊ बंदरांच्या नोंदींवरून ठरवला, त्यात मुंबई, कारवार, विशाखापट्टणम आणि तेव्हा आपल्यातच असलेलं कराचीही होतं. १९०९ चं काम आहे. तिथून लेव्हल घेत घेत, दगडावर खुणा करत करत तो शून्य घाट चढवून वर आणला.

आणि हा शून्य खोटा म्हणणाऱ्या सांगलीकराला एक विचारायचंय. कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून आपण दर पावसाळ्यात जे भांडतो, की पाणी ५१९.६० मीटरच्या वर नको, ५२४.२५६ तर अजिबात नको, ते मीटर कुठून मोजलेत? समुद्रसपाटीपासूनच ना! आपली अख्खी तक्रार, की तिकडं पाणी एवढं तुंबलं तर इकडं कृष्णेचा उतार कमी पडतो, ती उभीच राहते दोन्ही गावं एकाच शून्यावरून मोजली म्हणून. शून्य वाटाघाटीनं ठरवलेला आहे, हो, पण दोन ठिकाणांतला फरक वाटाघाटीनं बदलत नाही, शून्य वीतभर वर सरकवला तर दोन्हीकडचे आकडे वीतभर कमी होतील आणि पाणी जिथं तुंबायचं तिथंच तुंबेल.

समुद्र वाढतोय हेसुद्धा असंच फरकानं मोजतात. समुद्राची खरी उंची किती या वादात न पडता, त्याच जागी कालच्यापेक्षा आज किती, एवढंच बघायचं. १९९३ पासून उपग्रहांनी सलग मोजतायत, जगाची सरासरी तेव्हापासून साधारण १० सेंटिमीटर वर गेली आहे. यावर मेसेजमध्ये ग्लासातल्या बर्फाचा प्रयोग दिलाय, बर्फ वितळला तरी पाणी वाढत नाही म्हणून. प्रयोग बरोबर आहे, घरी करून बघा. पण तो तरंगणाऱ्या बर्फाला लागू. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचा बर्फ जमिनीवर बसलाय, तो ग्लासात नाहीच, बाहेरून पडणार आहे. शिवाय पाणी तापलं की फुगतं, त्याचाही वाटा मोठा आहे. असो.

आता ते आम्लाचं. समुद्राचा पीएच सुमारे ८.१ आहे, सातच्या वर म्हणजे आम्ल नाही, इथपर्यंत मेसेज बरोबर. पण समुद्र ॲसिड झालाय असं शास्त्रज्ञ म्हणतच नाहीत, ते म्हणतात आम्लतेच्या दिशेनं सरकतोय. मे महिन्यात जतला पारा ४२ वरून ३८ वर आला की आपण गारवा आला म्हणतो, कुणी स्वेटर काढत नाही. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी समुद्र साधारण ८.२ ला होता. ०.१ चा फरक, त्यात काय एवढं असं वाटतं, तर पीएच ही सरळ मोजपट्टी नाही, एक घर खाली म्हणजे पाण्याला आम्लपणा देणारे हायड्रोजन आयन दहापट. त्या हिशोबानं ०.१ म्हणजे सव्वापट, पंचवीस-तीस टक्के वाढ.

हे तासगाव-पलूसकडच्या द्राक्षवाल्यांना मी काय सांगायचं. फवारणीच्या टाकीत औषध टाकायच्या आधी पाण्याचा पीएच बघणारी माणसं ती, आठच्या वरचं बोअरचं पाणी असलं तर काही औषधं टाकीतच फुटायला लागतात आणि पैसे पाण्यात जातात हे त्यांनी सोसून शिकलेलं आहे. साडेआठाचं पाणी साडेसहावर आणायला किती लागतं आणि साडेसातावरून किती, हे त्यांना प्रयोगशाळेशिवाय कळतं. तिकडं समुद्रात उलटं चाललंय, हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि शिंपल्यांना कवच बनवायला जे कार्बोनेट लागतं तेच कमी पडायला लागतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २००७ च्या सुमारास कालवांची पिल्लं हॅचरीत पटापटा मरायला लागली तेव्हा नंतर असं निघालं की आत घेतलेलं समुद्राचं पाणीच त्यांना मानवत नव्हतं. मग त्या लोकांनी पाण्याचा पीएच मोजत बसून त्यात सोडा मिसळायला सुरुवात केली. त्या पाण्याला आम्ल म्हणायचं का अल्क म्हणायचं यावर कालवाची पिल्लं थांबली नव्हती.

कोयनेचा मुद्दा झटकन संपवतो. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप साधारण साडेसहाचा होता. पाटणकडं तीनचा धक्का बसला की तो त्याच्या निम्मा नसतो. भूकंपाच्या मोजपट्टीवर एक अंक वर म्हणजे ऊर्जा सुमारे ३२ पट, त्यामुळं साडेसहा आणि तीन यात ऊर्जेचा फरक जातो पावणेदोन लाख पटीच्या घरात. घाबरू नका म्हणणारा म्हणूनच तसं म्हणतो. आणि ही पट्टी दहाला संपते असंही मेसेजमध्ये आहे, तसा काही नियम नाही, एवढा मोठा भूकंप व्हायला लागणारी भेग जमिनीत सापडत नाही म्हणून आकडा तिथं पोचत नाही इतकंच.

आता पूर. हा मुद्दा सांगलीत लोकांना सगळ्यात जास्त पटतो आणि का पटू नये, ज्यांच्या घरात २००५, २०१९ आणि २०२१ असं तीनदा पाणी शिरलं त्यांना 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकल्यावर डोकं फिरणारच. खरं तर तिन्ही पूर सारखे नव्हते, २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, बाकी दोन त्याच्या काही फूट खाली राहिले, आणि धोक्याची पातळी ४५ आहे म्हणजे तिन्ही वाईटच. पण तिघांवर एकच शिक्का मारून मग शिक्का खोटा म्हणणं हे बरोबर नाही.

आता मूळ गोष्ट. शंभर वर्षांचा पूर म्हणजे एकदा आला की पुढची नव्याण्णव वर्षं सुट्टी, असं वेळापत्रक नाही ते. अर्थ एवढाच की कुठल्याही एका वर्षात तेवढा किंवा त्याहून मोठा पूर यायची शक्यता शंभरात एक. दरवर्षी नव्यानं. नदीला मागच्या वर्षीचं आठवत नाही. गणित करून बघा, दरवर्षी एक टक्का असेल तर तीस वर्षांत निदान एकदा यायची शक्यता २६ टक्के होते, आणि अख्ख्या शंभर वर्षांतसुद्धा ६३ टक्केच, म्हणजे शतकभरात एकदाही न यायची शक्यता ३७ टक्के उरते. लागोपाठ दोनदा येणं दुर्मिळ आहे, अशक्य नाही.

यातली जास्त कामाची गोष्ट मात्र मेसेजमध्ये नाहीच, ती पूररेषेची. आपल्याकडं नकाशावर निळी रेषा आणि लाल रेषा असते ना, प्लॉट घेताना एजंट ज्यावर हात ठेवून बोलतो ती. ढोबळमानानं निळी रेषा २५ वर्षांच्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांच्या. आता निळ्या रेषेच्या काठावरचा प्लॉट कुणी घेतला, वीस वर्षांचं होम लोन काढलं. एजंट काय म्हणणार, 'साहेब, पंचवीस वर्षांत एकदा, तुमचं लोन फिटेपर्यंत काय होत नाही.' हिशोब असा की दरवर्षी चार टक्के, वीस वर्षांत निदान एकदा पाणी यायची शक्यता ५६ टक्के. म्हणजे लोन फिटायच्या आत पाणी येण्याचीच शक्यता जास्त! व्याख्या कळली असती तर माणसानं तो प्लॉट घेतला नसता, किंवा घेतला तरी खाली पार्किंग सोडून वर बांधलं असतं. शामरावनगर, मारुती चौक, गावभाग इथल्या लोकांना हे आता पाठ झालंय पण नव्यानं जागा बघणारे अजून वर्षांचीच भाषा बोलतात.

आणि इथं एक कबूल करायला पाहिजे, हा एक टक्का काढतात कसा? जुन्या नोंदी घेऊन. नोंदी असतात काही दशकांच्या आणि त्यावरून शंभर वर्षांचा अंदाज बांधायचा, त्यातच थोडी ताण आहे. त्यात गृहीत असं की पाऊस पूर्वीसारखाच पडतोय आणि नदी पूर्वीसारखीच वाहतेय. पात्रात भराव पडले, ओढे बुजवले, काठानं बांधकामं झाली, चार दिवसांत महिन्याचा पाऊस पडायला लागला, की जुना एक टक्का आता एक टक्का राहत नाही. म्हणजे मेसेजवाला म्हणतो व्याख्या बदलतात म्हणून लबाड, आणि सांगलीची बोंब बरोबर उलटी आहे, नवे पूर हिशोबात धरून आकडे वेळच्या वेळी बदला आणि रेषा पुन्हा आखा. आपण महापालिकेच्या दारात जाऊन मागायला पाहिजे ते हे.

जाता जाता, जुलै-ऑगस्टात आपल्याकडं प्रत्येकजण पाटबंधारे खात्याचा इंजिनिअर असतो तेव्हा टीएमसी आणि क्युसेकची जी खिचडी होते ती पण या मेसेजमध्ये आहे, 'कोयनेतून एक लाख टीएमसी सोडले' म्हणून. कोयना अख्खं भरलं तरी १०५ टीएमसीच होतं राव. टीएमसी म्हणजे साठा, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी, क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट चाललंय तो वेग. एक लाख क्युसेकनं चोवीस तास सोडलं तर ८.६४ टीएमसी जातं. एवढा एक हिशोब डोक्यात ठेवला तरी पुराच्या रात्री येणारे निम्मे मेसेज तिथल्या तिथं गळतात.

आता दवाखान्याकडं वळू. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळं रिपोर्टची भाषा आपल्याकडं घरोघरी बोलली जाते, पण त्यातले टक्के कशाचे हे विचारत कोणी नाही. '९९ टक्के अचूक टेस्ट, तरी पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी बहुतेकांना आजारच नव्हता, म्हणजे टेस्ट बोगस.' समजा एक आजार हजारात एकाला आहे. एक लाख लोकांची सरसकट तपासणी केली. आजारी शंभर, त्यातले ९९ टेस्टनं पकडले. निरोगी ९९,९००, त्यातल्या ९९ टक्क्यांना टेस्टनं बरोबर सोडलं, पण एक टक्का चुकून पकडले, ते झाले ९९९. एकूण पॉझिटिव्ह १,०९८, त्यात खरे आजारी ९९. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला खरंच आजार असण्याची शक्यता नऊ टक्के! टेस्टनं कुठंही लबाडी केलेली नाही. ९९ टक्के हे आजारी माणसाबद्दल आणि निरोगी माणसाबद्दल वेगवेगळं बोलत होतं, आपण ते पॉझिटिव्ह रिपोर्टबद्दल आहे असं धरून चाललो.

हीच टेस्ट डॉक्टरांनी लक्षणं बघून, पाचात एकाला आजार असेल अशा लोकांची केली तर? पॉझिटिव्ह आलेल्यांत ९६ टक्के खरे निघतात. टेस्ट तीच, कुणाची केली यावर अर्थ बदलला. म्हणून गावात शिबिर लावून लक्षणं नसलेल्या सगळ्यांची सगळी तपासणी करणं आणि एका पेशंटला बघून एक टेस्ट लिहून देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि शिबिरातल्या एका पॉझिटिव्हवर कुणी लगेच जमीन गहाण टाकू नये, दुसऱ्या पद्धतीची टेस्ट करून घ्यावी.

फुल बॉडी चेकअपचं पॅकेज पण असंच. रिपोर्टात 'नॉर्मल' म्हणून जी रेंज छापतात ती बऱ्याच टेस्टमध्ये निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांची असते. म्हणजे धडधाकट माणसांतही पाच टक्के बाहेर पडणारच, व्याख्येनंच. आता वीस टेस्ट एकदम केल्या आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं तर अगदी ठणठणीत माणसाचा निदान एक आकडा ठळक अक्षरात यायची शक्यता ६४ टक्के. चेकअपला गेलेला मोकळ्या हातानं परत येत नाही तो यामुळं.

लसीचा मुद्दा. मेसेज म्हणतो '९५ टक्के सांगितलं, खरा फायदा ०.८४ टक्के'. दोन्ही आकडे एकाच चाचणीतले, फायझरच्या, आणि दोन्ही बरोबर. दोन्ही बाजूला साधारण अठरा-अठरा हजार माणसं, नुसतं सलाईनचं इंजेक्शन दिलेल्यांत १६२ जणांना कोविड झाला, लस दिलेल्यांत ८ जणांना. १६२ च्या जागी ८, म्हणजे ९५ टक्के घट. आणि अठरा हजारांतले १६२ म्हणजे ०.८८ टक्के, ८ म्हणजे ०.०४, वजाबाकी ०.८४. पहिला आकडा सांगतो लसीनं किती धोका कापला, दुसरा सांगतो त्या काही महिन्यांत, त्या माणसांत, मुळात धोका केवढा होता त्यातला किती गेला. साथ मंद असेल तर दुसरा लहान येतो, साथ पेटली की तोच वाढतो. चाचणी चालली दोनेक महिन्यांच्या देखरेखीवर, आणि लोकांना वापरायचा होता तो आकडा साथ भडकल्यावरच्या गावात. फक्त ०.८४ सांगणारा जितका अर्धवट तितकाच फक्त ९५ सांगणाराही, हे मी म्हणेन, औषधांच्या जाहिरातीत तर नेहमी मोठा दिसणारा आकडाच छापतात. आणि ९५ टक्के म्हणजे लस घेतलेल्या शंभरातले पाच आजारी पडणार असं जे लोक धरून बसले होते तेही चूक, आजारी पडले ते अठरा हजारात आठ.

राहिला बीपी. इथं मेसेजवाल्याशी माझं भांडण सगळ्यात कमी आहे आणि काळजी सगळ्यात जास्त. २०१७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या हृदयरोगवाल्या संस्थांनी उच्च रक्तदाबाची रेघ १४०/९० वरून १३०/८० वर आणली, आणि अमेरिकेतल्या प्रौढांतले बीपीवाले ३२ टक्क्यांवरून ४६ वर गेले, कुणाच्याही अंगात एक थेंब रक्त इकडचं तिकडं न होता. हे खरंच झालं. किलो बदलला तेव्हा कुणाचं काही बिघडू नये म्हणून आकडा जुळवून घेतला होता, इथं तसं नाही, इथं रेघ हलली की माणसं पलीकडं जातात. त्यामुळं रेघ कुणी हलवली, त्यांचे औषध कंपन्यांशी काय संबंध होते, कुठल्या अभ्यासावर हलवली हे विचारणं अगदी रास्त आहे आणि डॉक्टर मंडळी स्वतःच यावर आपापसात जोरात भांडलेली आहेत.

पण मेसेजमध्ये काय गाळलंय ते बघा. २०१५ मध्ये अमेरिकेतच नऊ हजारांवर लोकांचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलेल्यांना १४० च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा हार्टअटॅक, पक्षाघात, हार्ट फेल असल्या गोष्टी साधारण पाव हिश्शानं कमी झाल्या आणि मृत्यूही कमी झाले, तो अभ्यास मुदतीआधी थांबवला इतका फरक दिसला. त्या लोकांना चक्कर, किडनीचा त्रास असली दुखणीही जास्त झाली, हेही त्यातच आहे. दुसरं, नव्या रेघेत जे आत आले त्यातल्या बहुतेकांना गोळी नाही, मीठ कमी करा, चाला, वजन उतरवा हेच सांगितलं होतं, गोळीची शिफारस असलेल्यांचा वाटा वाढला तो दोनेक टक्क्यांनीच. तिसरं, युरोपवाल्यांनी २०१८ ला आपली रेघ १४०/९० वरच ठेवली आणि आपल्याकडंही साधारणपणे तीच चालते, तर जगभरचा कट कसला? शुगरचंही तेच, उपाशीपोटीची रेघ १९९७ ला १४० वरून १२६ वर आणली, कारण डोळ्याच्या पडद्याची खराबी १४० च्या बरीच आधी सुरू झालेली दिसत होती. तो बदल नसता तर बऱ्याच लोकांना शुगर कळली असती ती चष्म्याचा नंबर कितीही बदलून दिसेनासं झाल्यावर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, १३० आणि १४० चा वाद हा १३५ वाल्यांचा आहे. १७०-१८० वाला माणूस जगातल्या कुठल्याही व्याख्येत बसतो, १९८० च्याही आणि आजच्याही. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी हा मेसेज वाचून गोळी बंद केली, चार दिवसांनी काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं, मशीन लावलं तर वरचा आकडा १८६. त्यांना रेघ कुठं ओढली याच्याशी काय देणंघेणं होतं! ज्यांना खरंच वाटतंय की आपल्याला गोळी उगाच चालू आहे, त्यांनी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी, पाच मिनिटं शांत बसून, चहा-तंबाखू न घेता बीपी मोजून वहीत लिहावं आणि ती वही डॉक्टरांपुढं ठेवून विचारावं, गोळी कमी करता येते का. बऱ्याच वेळा येतेही.